शेवाळ

किंतानालुस,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय बेनिल्दे,

तू बरी असशील असं धरून चालतो. मी ठीक आहे. गुडघ्याची तक्रार आहे, पण ती ऐकायला घरात आता कोणी नाही.

तुझा पत्ता मिरेनने दिला. ती ऑगस्टमध्ये इथे येऊन गेली हे तिने तुला सांगितलं असेल, नसेलही. ती दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. मग तिने चौकटीवर हात टेकवला, तू टेकवायचीस तसा, आणि मी म्हटलं, आत ये. एक दिवस राहिली. चर्चचे फोटो काढले. निघताना म्हणाली, "मामा, आई या गावाबद्दल एक अक्षरही बोलत नाही. असं झालं तरी काय होतं इथे?" मी म्हटलं, "तुझ्या आईलाच विचार." ती म्हणाली, "विचारलं. ती म्हणते, मामाला विचार." मग तिने कागदावर पत्ता लिहिला, तो मी साखरेच्या डब्याखाली ठेवला. तीन महिने तो तिथेच होता.

इथली बातमी थोडी आहे. तुझी वहिनी तेओफिला जाऊन चार वर्षं झाली, ते तुझ्या कानावर आलं असेल. हिवाळ्यात आता अकरा घरांतून धूर निघतो. अबुंदिओ ब्याऐंशीचा झाला, ऐकायचं नसतं तेवढंच त्याला ऐकू येत नाही. घंटेच्या भिंतीवरचं करकोच्यांचं घरटं मार्चमध्ये वादळात पडलं आणि एप्रिलमध्ये त्यांनी तिथेच नवं बांधलं. पुढच्या आठवड्यात डुक्कर कापायचं आहे. तुला काळी सॉसेजं पाठवली असती, पण तू खातेस की नाही मला ठाऊक नाही. तुझ्याबद्दल मला फार थोडं ठाऊक आहे.

चर्चचं छप्पर सरकारने नवीन करून दिलं. त्या कामाच्या मागोमाग वायादोलिदहून एक मुलगी आली आहे, मेन्सिया नावाची. जुन्या मास्तरणीच्या घरात राहते. या भागातल्या सगळ्या जुन्या चर्चवर पुस्तक निघणार आहे आणि आपलं सान पेलायो तिच्या वाट्याला आलं आहे. दिवसभर फीत घेऊन मोजत असते. पन्हळीखालच्या कोरीव दगडांची तिने यादी केली, एकूण एकतीस. पिंप घेतलेला माणूस, डुकरीण, मुका घेणारं जोडपं, सगळे यादीत गेले. पिंपवाल्याला आपण अबुंदिओचा आजोबा म्हणायचो ते मी तिला सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं.

मुलगी हुशार आहे. चर्च दोन खेपांत बांधलं हे तिने तिसऱ्या दिवशी ओळखलं. वेदीमागची गोल भिंत आधीची, घडीव दगडाची, ज्याच्या हाताखाली पाथरवट होते अशा माणसाने बांधलेली. पुढे पैसा किंवा माणसं संपली असणार, कारण उरलेलं चर्च पन्नासेक वर्षांनी दुसऱ्याच कोणी डबर भरून उरकलं आहे. दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत, बाण, चांदणी, एक उलटा सात. त्या उलट्या सातवाल्याचे दगड सगळ्यांत चांगले बसले आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं काम त्याच्या खुणेवरून ओळखता येतं आणि त्याचं नाव कोणालाच माहीत नाही, हे मला बरं वाटतं.

तिथे गवंडीकाम केलेला जिवंत माणूस मीच उरलो, म्हणून ती मला विचारते. काल विचारलं, "काका, आतला गिलावा कधी काढला?"

"बासष्टच्या मे-जूनमध्ये."

"गिलाव्याखाली काही होतं?"

"चुना," मी म्हटलं. "आणि चुन्याखाली चुना."

तिने तेही लिहून घेतलं.

हे तुला का लिहितो आहे, मला नीट सांगता येणार नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या ओसरीत अबुंदिओने विचारलं, "काय रे, आपली हिरवी कशी आहे?" मिरेनला त्याने पाहिलं होतं, त्यावरून त्याला आठवण झाली असेल. मी म्हटलं, "बरी आहे. आजी झाली." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. इतक्या वर्षांनी ते नुसतं नाव उरलं आहे. घरी येताना मी स्वतःला हेच सांगत होतो, आणि मग लक्षात आलं की त्याला मात्र मी काहीच सांगितलं नव्हतं.

थंडीला जप.

तुझा भाऊ,
एलादिओ


किंतानालुस,
३ फेब्रुवारी २००७

प्रिय बेनिल्दे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं. मिरेनने फोन करून सांगितलं की पत्र पोचलं, तू ते वाचलंस आणि कपाटात ठेवलंस. फाडलं नाहीस एवढं पुरे.

गुडघाभर बर्फ आहे. पण मी हवामान सांगायला लिहीत नाही.

वेदीमागचं लाकडी मखर वाळवीसाठी तपासायचं होतं. दोन सुतार आले आणि त्यांनी ते भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. आम्ही बासष्टमध्ये ते हलवलं नव्हतं. आठ माणसं लागली असती. आपले पाद्री डॉन फ्रुक्तुओसो म्हणाले होते, मखरामागे कोण बघायला जातंय. त्यामुळे मखरामागचा जुना गिलावा तसाच राहिला, दोन्ही बाजूंना दोन हात रुंद पट्टा. मेन्सिया दिवा घेऊन आत सरकली. मग म्हणाली, "काका, कोणालातरी बोलवा. कोणालाही."

मी घंटा वाजवली. अकरा घरांतली सगळी माणसं आली, पाळीपाळीने आत शिरून बघून बाहेर आली. डाव्या पट्ट्यावर वस्त्राचा काठ आहे आणि दोन अनवाणी पावलं. उजव्या पट्ट्यावर हात आहे. मनगटापासून बोटांपर्यंत, बोटं लांब, वर उचललेली. मनगटाच्या अलीकडे काही नाही. तिथे गिलावा संपतो आणि नुसता दगड सुरू होतो. गिलाव्याच्या कडेवर टाकीचे घाव आहेत, डावीकडे कललेले. माझे सगळे घाव डावीकडे कलतात. बाबा त्यावरून ओरडायचे.

अबुंदिओ बाहेर आला. टोपी काढून हातात धरली होती.

"म्हणजे हिरवी खोटं बोलत नव्हती," तो म्हणाला.

"हिरवी कोण?" मेन्सियाने विचारलं.

तेव्हा त्याने तिला सांगितलं. चव्वेचाळीस वर्षं सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट त्याने गंमत म्हणूनच सुरू केली. की त्या वर्षी गिलावा काढायला गावकाम लागलं होतं. घंटा तीन-तीन ठोक्यांनी वाजली की प्रत्येक घरातून एक माणूस, हा नियम. यादी तेव्हा त्याच्याकडे होती. आमच्या घरी बाबा नुकतेच गेलेले, आईला छातीचं दुखणं, आणि मी डॉन फ्रुक्तुओसोंनी लावलेला गवंडी, म्हणून मला घरचा माणूस धरता येत नव्हता. त्यामुळे आमच्या घरून तू आलीस. सोळा वर्षांची. परांचीवरून राडारोडा खाली आणायचं काम. "आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत," अबुंदिओ म्हणाला, "ही पोरगी सगळ्या गावासमोर येऊन सांगते, भिंतीत एक बाई होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि भावाने तिला मारून टाकलं. आम्ही विचारलं, कशी होती गं? म्हणते, चेहरा हिरवा होता. हिरवा! माझी बायको म्हणाली, सान पेलायोच्या घरात बेडूक शिरला वाटतं. लोक हसून हसून लोळले."

यावर कोणी हसलं नाही. अबुंदिओने टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली.

मेन्सिया माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तिथे होतात तेव्हा?"

"मी खाली चुना कालवत होतो," मी म्हटलं.

जे मला खोटं पाडू शकले असते ते सगळे दफनभूमीत आहेत.

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. काय लिहिलं ते सांगितलं नाही. "एवढ्या वर्षांपूर्वी तिने हिरवा म्हटलं होतं? नक्की?" एवढंच परत विचारलं. अबुंदिओ म्हणाला, "बाई, नावच पडलं तिचं ते."

मला तुला एक गवंड्याची गोष्ट सांगायची आहे. ती मला तेव्हाही ठाऊक होती. गोल भिंतीचे दगड बाहेरून घडीव आहेत, सांध्यात सुरी जात नाही. आतून मात्र डबर आहे. वेडेवाकडे, चेहरा नसलेले दगड, मध्ये बचकभर चुना. ज्याला बाहेरची भिंत तशी बांधता येत होती त्याला आतलीही आली असती. त्याने आतली तशी ठेवली कारण ती दिसणारच नव्हती. तिच्यावर गिलावा येणार होता आणि गिलाव्यावर रंग. बाबांनी मला हे दहा वर्षांचा असताना दाखवलं होतं. पण बासष्टमध्ये सगळीकडे दगड उघडा करायची टूम निघाली होती. शहरातून येणारे लोक म्हणायचे, चर्च जुनं दिसलं पाहिजे. डॉन फ्रुक्तुओसोंना आपलंही जुनं दिसायला हवं होतं. आम्ही त्याला जुनं केलं. आठशे वर्षांत ते एक दिवसही दिसलं नव्हतं तसं.

चुना मी सकाळीच कालवून ठेवला होता, बेनिल्दे. दुपारी कालवायला काही नव्हतं. हे तुला ठाऊक आहे.

बर्फ थांबला की पोस्टाची गाडी येईल.

एलादिओ


किंतानालुस,
२० मे २००७

प्रिय बेनिल्दे,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला बिल्बाओची नदी आहे. मागे तारीख नाही, माझं नाव नाही, सही नाही, एकच ओळ. "त्या चेहऱ्याचा रंग कोणता होता?"

अक्षर आईसारखं झालं आहे तुझं.

एवढ्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. मी पाच आठवडे घेतले, कारण तो शब्द आधी दुसरीकडे बोलायचा होता. तुला एकटीला लिहून टाकलं असतं तर ते तू निघालीस त्या दिवसासारखं झालं असतं. बस उभी होती. तू एक पाय पायरीवर ठेवलास आणि म्हणालीस, "एलादिओ, लोकांना नको सांगूस. मला सांग. एकदाच." मी म्हटलं, "चढ, बस सुटेल." बस अजून दहा मिनिटं सुटली नाही. ड्रायव्हर तंबाखू आणायला गेला होता. ती दहा मिनिटं तू खिडकीत बसलीस आणि मी खाली उभा राहिलो.

आता क्रमाने सांगतो.

त्या दुपारी सगळे ओसरीत जेवायला बसले होते. तू परांचीवरून हाक मारलीस. "एलादिओ, वर ये. कुणीतरी बघतंय." मी चढलो. तळहाताएवढा पोपडा सुटला होता आणि त्यामागे डोळा होता, काळा, वरच्या पापणीची रेघ जाड. तू बाजूचा पोपडा नखाने उचललास आणि गाल दिसला. मी कमरेचं ओलं फडकं काढून त्यावरून फिरवलं. रंग असा वर आला की जणू त्याच सकाळी कोणी लावला होता. तू म्हणालीस, "ही कोण आहे?" मी म्हटलं, "शेवाळ आहे. खाली जा, घरून पाण्याचं मडकं घेऊन ये." तू म्हणालीस, "शेवाळाला डोळे असतात का?" आणि हसलीस. भाऊ थट्टा करतोय असं तुला वाटलं. हसतच खाली उतरलीस.

आपलं घर तिथून किती लांब आहे ते मला माहीत होतं. जाऊन येऊन वीस मिनिटं.

मी काय विचार केला हे तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगतो. नदीपलीकडच्या गावात त्याआधी तीन वर्षं अशीच एक रंगवलेली भिंत निघाली होती. शहरातून अधिकारी आले, त्यांनी चर्चला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेले. दोन वर्षं त्या गावाने पेंढ्याच्या कोठारात मिस्सा ऐकली, कोठारातून मढी उचलली. माझं लग्न सव्वीस जूनला होतं, सान पेलायोच्या सणाच्या दिवशी. तेओफिलाच्या बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, "माझी पोरगी गायींच्या मध्ये उभी राहणार नाही." आणि ते माझं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. बाबांशिवाय पहिलं. ते अर्धवट राहिलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण मी चव्वेचाळीस वर्षं शोधतो आहे, सापडत नाही.

पहिला घाव मी डोळ्यावर घातला. मनात आलं की डोळा गेला की बाकीचं सोपं जाईल. गेलं. पंधरा मिनिटांत मनगटापर्यंत आलो, पुढे मखर आडवं आलं.

तू वर आलीस, भिंतीकडे बघितलंस, मडकं फळीवर ठेवलंस. सांडलं नाहीस. मग उतरून ओसरीत गेलीस आणि सांगितलंस. मी मागोमाग उतरलो तेव्हा अबुंदिओने विचारलं, "काय रे एलादिओ, काय होतं तिथे?" मी म्हटलं, "शेवाळ."

त्यानंतरचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. पोरं दारात गवत आणून टाकायची. डॉन फ्रुक्तुओसो आईला म्हणाले, मुलीला भास होतात, हवापालट हवा. आईला भीती होती की तुझंही तिच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या बहिणीसारखं होईल. माझ्या लग्नात तुला मागच्या बाकावर बसवलं. ऑक्टोबरात दुसऱ्या मावशीकडे, बिल्बाओला पाठवलं, लोकांच्या घरची धुणीभांडी करायला. तू मास्तरीण होणार होतीस. हे मी विसरलेलो नाही.

गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी घंटा वाजवली. माणसं ओसरीत थांबली. गावसभेला बसायची रीत आहे, पण कोणी बसलं नाही. मी सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच, याहून कमी शब्दांत. मेन्सियाही होती.

वर करकोचे चोची वाजवत होते. मग पोस्टमनची विधवा, फेलिसा, म्हणाली, "आणि तेओफिलाला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "तिने तुला त्या कोठारात झोपवलं असतं जन्मभर."

अबुंदिओ काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "मी तिला चव्वेचाळीस वर्षं हिरवी म्हणतोय," तो म्हणाला. "मी नुसता हसलो होतो रे. तू मला हसू दिलंस." आणि घरी गेला. आठवडा झाला, माझ्याशी बोललेला नाही. भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येतो.

मेन्सिया रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही, आणि ते जास्त कठीण गेलं. तिने मला चर्चमध्ये नेलं, भिंतीसमोर स्टूल ठेवलं आणि कागद-पेन्सिल दिली. म्हणाली, "डोळा कुठे होता? किती मोठा? कुठे बघत होता?" मी काढला. माझ्या हाताला दगडाच्या रेघा येतात, चेहऱ्याच्या नाही, पण जागा चुकली नाही. मग तिने वहीतलं ते पान दाखवलं, दोनदा रेघ ओढलेलं. त्यावर तुझा शब्द होता.

तिने मला समजावलं. त्या काळचे चितारी माणसाचा चेहरा रंगवताना आधी हिरवी माती लावत. तिच्यावर कातडीचा रंग, गालावर लाल ठिपका. शतकं गेली, वरून चुन्याचे हात बसले, की वरचा रंग आधी सुटतो. हिरवा राहतो. "काका," ती म्हणाली, "जुनं चित्र कधी न पाहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला हे सुचणं शक्य नव्हतं. एखादी बाई कल्पनेनं सांगते तेव्हा निळा झगा सांगते, सोन्याचं वलय सांगते. हिरवा चेहरा सांगत नाही. त्या वेळी कोणी हा एक शब्द जाणकाराच्या कानावर घातला असता तर त्याच दिवशी सगळं काम थांबलं असतं."

जो शब्द ऐकून गाव हसलं तोच पुरावा होता. तो तू आम्हाला फुकट दिला होतास.

राडारोड्याचं काय केलं, तिने विचारलं. ते मी पहिल्यांदा सांगतो आहे, तुलाही. त्या गावकामाचा दुसरा भाग रस्त्याचा होता. खळ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर गाड्यांच्या चाकोऱ्या खोल गेल्या होत्या, त्या भरायच्या होत्या. गिलावा तिकडे गेला. त्या दुपारची टोपली मी कोणाला दिली नाही. स्वतः नेली, आक्रोडाच्या झाडापाशी पसरली आणि घणाने चोपून बसवली. चव्वेचाळीस वर्षं मी त्यावरून जातो आहे. तेओफिलाची शवपेटी त्यावरून गेली. आईची गेली, तू आली नव्हतीस.

काल तीन-तीन ठोक्यांची घंटा झाली. कितीतरी वर्षांनी. सगळ्यांत तरुण माणूस त्रेसष्ट वर्षांचा. यादी आता फेलिसाकडे असते. तिने घरं वाचली, माणसं "हो" म्हणाली. आपल्या घरापाशी आली. "एलादिओच्या घरून?"

मी म्हटलं, "बेनिल्दे. तिच्या बदली मी."

तिने चष्म्यावरून बघितलं आणि लिहिलं.

आक्रोडाजवळ आम्ही हातभर खोदलं आणि माती चाळणीतून काढली. अबुंदिओला वाकता येत नाही. बोलतही नव्हता. पण आला आणि दिवसभर चाळणीची एक बाजू धरून बसला. पावट्याएवढे तुकडे निघाले. बहुतेक नुसता चुना. काहींवर लाल आहे, एकावर काळी रेघ. ती पापणीची की वस्त्राची, ते मेन्सियालाही सांगता येत नाही. डोळा मिळाला नाही. मी तो फार चांगला फोडला होता.

संध्याकाळकडे अबुंदिओने चाळणीतून एक तुकडा उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्यापुढे धरला. नखाएवढा असेल. मी बघितला. मग तो त्याने मेन्सियाच्या पेटीत ठेवला.

ते सगळे तुकडे पेटीतून वायादोलिदला जातील. पुस्तकात भिंतीबद्दल एक परिच्छेद येणार आहे. मेन्सियाने तो मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की १९६२ मध्ये गिलावा काढताना एक चेहरा नष्ट झाला, आणि तो बेनिल्दे नावाच्या मुलीने पाहिला होता. माझं नावही घाल, मी म्हटलं. तिने घातलं.

तू ये असं मी लिहीत नाही. ते लिहायचा हक्क माझा नाही. मिरेन आली तर तिला भिंत दाखवेन आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईन.

तू विचारलंस.

हिरवा होता, बेनिल्दे. गालावर लाल ठिपका होता, अर्धा पुसलेला. ती तुझ्याकडे बघत होती, आणि तू खाली उतरल्यावर माझ्याकडे.

तुझ्या मागून परांचीवर चढलेला, आणि तुझ्याइतकंच पाहिलेला,

तुझा भाऊ,
एलादिओ